सुगडात गेलेली शेंग

आमच्या घरात पॉटचं आइस्क्रीम करायचा घाट घातला, की कुणीतरी हमखास इसेन्सची बाटली माझ्या नाकाखाली धरतं आणि विचारतं, "सांगा बघू, कसला वास येतोय?" मग सगळे हसतात. बायको सगळ्यांत जास्त. यात एवढं हसण्यासारखं काय आहे, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना मूळ गोष्ट ठाऊक नाही आणि उरलेल्यांना जी ठाऊक आहे ती बायकोने सांगितलेली. तिच्या गोष्टीत मी जरा जास्तच बावळट आहे. म्हणून एकदाची माझ्या बाजूने लिहून ठेवतो. त्याने फार फरक पडेल असं नाही.

स्वातंत्र्य येऊन दोनेक वर्षं झाली होती. मी ठाण्याच्या एका कचेरीत कारकून होतो. नौपाड्यात आमचं लहानसं कौलारू घर, मागे विहीर आणि विहिरीशेजारी एक रायवळ आंबा. आंब्याला आंबे बेताचेच येत आणि तेही इतके आंबट की चोरायलासुद्धा कुणी येत नसे. लग्नाला वर्ष होत आलं होतं. बायको पेणकडची, वालाच्या शेतांतून वाढलेली. आई-वडील दोघंही आधीच गेलेले. वडीलधारं असं माणूस एकच उरलं होतं, ते म्हणजे माझा मामा.

मामाने जन्मभर दक्षिणेतल्या एका सरकारी बागेत नोकरी केली आणि निवृत्त होऊन तो कल्याणला भाड्याच्या घरात राहायला आला. एकटा जीव. येताना त्याने दोन गोष्टी आणल्या. एक तपकिरीची चांदीची डबी, आणि दुसरी एक वेल. आता त्या घराच्या मालकाला परसात चाळ बांधायची होती, म्हणून मामा डोंबिवलीला माडीवरची एक खोली घेऊन जाणार होता. माडीवर वेल कुठे लावणार? तेव्हा एका सकाळी तो ओल्या गोणपाटात काहीतरी गुंडाळून आमच्या दारात उभा राहिला. नवजात मूल धरावं तसं दोन्ही हातांत धरलेलं.

"काय आहे मामा?"

"व्हॅनिला."

"आइस्क्रीममधली?"

"मेक्सिकोतली," मामा म्हणाला. "आइस्क्रीममधली म्हणे!"

गोणपाट उघडलं तर आत हातभर हिरवीगार दोरी आणि तिला जाड जाड पानं. मी म्हटलं, छान आहे. मामाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा म्हटलं, फारच छान आहे.

मग त्याने बायकोला सगळं समजावून सांगितलं. मला नाही. ही आमरी, साहेबलोक ऑर्किड म्हणतात ती. आमरी म्हणजे झाडाचा आधार घेणारी, पण झाडाचं रक्त न पिणारी जात. त्या सरकारी बागेत अशा देशोदेशीच्या आमरींची एक मोठी पडवी होती, सगळी मामाच्या हाताखाली. लढाईच्या दिवसांत वरून हुकूम आला की शोभेची झाडं काढा, अन्नधान्य लावा. पडवी मोडून तिथे बटाटे लावले. मामाने या वेलीचा एक तुकडा धोतराच्या सोग्यात घालून वाचवला. आणि तिच्या स्वतःच्या मुलखात, मेक्सिकोत तरी ती सुखात आहे का, तर तसंही नाही. तिथेही जंगलं तोडून शेतं करताहेत, रानातली व्हॅनिला आता शोधत हिंडावी लागते, असं त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं.

"मला एकदा शेंग धरलेली बघायचीय हिच्यावर," मामा म्हणाला. "शेंग धरली की समजेन, ही इथे रुजली. मग तुकडे करून चार घरी देईन. नुसती वेल दिली तर लोक चार दिवस कौतुक करतात आणि वाळली की फेकतात. शेंग दाखवली की सांभाळतात. सगळी वेल एकाच ठिकाणी ठेवायची नाही, सूनबाई, एवढं मी त्या बटाट्यांकडून शिकलो."

वेल आमच्या आंब्यावर चढवायचं ठरलं. "रविवारी येतो," मामा म्हणाला. "तोवर जागा तयार ठेव."

इथपर्यंत माझी काही चूक नाही, हे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

जागा तयार ठेव म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. आंब्याच्या खोडावर पट्ट्यासारख्या जाड पानांचे पाच-सहा झुबके होते. त्यांना आम्ही सगळे बांडगूळ म्हणत असू. आंब्याला आंबे येत नाहीत ते या बांडगुळामुळे, असं माझे वडील म्हणत. वडिलांनी ते कधी काढलं नाही, कारण नुसतं म्हणणं सोपं होतं. मी शनिवारी कोयता घेतला आणि घामाघूम होऊन सगळं खोड खरवडून काढलं. निघालेला पसारा भिंतीपलीकडे ढकलला.

भिंतीपलीकडे काकू होत्या.

म्हणजे नात्याच्या नव्हेत, शेजारच्या. तोंडाने सडेतोड बाई. त्या नेमक्या धुणं वाळत घालत होत्या. "अहो, आमचं परस म्हणजे उकिरडा वाटला काय?" इथून सुरुवात झाली आणि आमच्या आंब्याची पानं वर्षभर त्यांच्या विहिरीत पडतात इथपर्यंत गेली. मीही तरुण होतो. मी म्हटलं, पानं काय मी पाडतो? त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

रविवारी मामा आला. आंब्यापुढे उभा राहिला. मग डबी काढून चिमूट ओढली.

"इथे पानं होती ना? पट्ट्यांसारखी?"

"बांडगूळ होतं मामा. साफ केलं सगळं."

"गाढवा, तीही आमरीच होती. आपली, सह्याद्रीतली. ज्येष्ठात हातभर लांब गुलाबी तुरा येतो. तुझ्या डोक्यावर इतकी वर्षं फुलत होती, तू मान वर केली नाहीस." दुसरी चिमूट ओढली. "मेक्सिकोचा पाहुणा येणार म्हणून घरची माणसं हाकलून दिलीस?"

"तुम्हीच म्हणालात जागा तयार कर—"

"कुठे टाकलीस?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. मामा म्हणाला, जा, घेऊन ये. मी म्हटलं, ते आता जमणार नाही. कारण सांगताना मान खाली घालावी लागली. मामाने तो विषय तिथेच सोडला, पण विसरला नाही. त्यानंतर मी काहीही चांगलं काम केलं की तो म्हणे, "हो, आणि बांडगूळही छान साफ करतोस."

वेल लागली. नारळाच्या शेंड्या बांधून तिला आंब्यावर चढवली आणि ती चढली. चढली म्हणजे फक्त चढली. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. मी वही घातली. पहिल्या पानावर तारीख आणि लांबी. दुसऱ्या पानावर तारीख आणि लांबी. बायको म्हणे, "कपड्यांच्या दोरीचीपण नोंद करा, तीही तेवढीच लांब आहे." डोंबिवलीहून दर आठवड्याला मामाचं पोस्टकार्ड येई. त्यात प्रकृती, पाऊस वगैरे काही नाही. "फूल?" एवढा एक शब्द आणि खाली सही.

चौथ्या वर्षी चैत्रात पानाच्या बगलेत कळ्यांचा घोस दिसला. मामा तडक आला. डोळ्यांत एव्हाना मोतीबिंदू वाढत चालला होता, म्हणून त्याने कळ्या बोटांनी मोजल्या. चौदा भरल्या. मग त्याने मला समोर बसवून सांगितलं, की हे फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं, ते पुन्हा उमलत नाही. घोसातलं रोज एकच. मेक्सिकोत हिची एक माशी आहे, ती हे काम करते. "माशी तिकडेच राहिली. इथे माशी तू."

फुलाच्या आत एक पातळ पडदा असतो. तो काडीने उचलायचा आणि वरचा पिवळा गोळा खाली दाबायचा. बस्स. कसं ते त्याने तपकिरीच्या डबीवर करून दाखवलं. नखाने झाकण अलगद उचललं, चिमटीने दाबलं. "आलं लक्षात?" मी म्हटलं आलं. मला त्यातलं फक्त तपकीर ओढणं समजलं होतं.

मी घरात ताकीद दिली, की फूल उमललं की ताबडतोब मला उठवायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बायको म्हणाली, "अहो, तुमचं फूल आलं बरं का."

मी चहा टाकून धावलो. आंब्यावर फूल नव्हतं.

"कुठाय?"

"देवाला वाहिलं."

"अगं, तुला सांगितलं होतं ना मला सांग म्हणून!"

"सांगितलं की. वाहून झाल्यावर सांगितलं." आणि मग, मी तोंड उघडायच्या आत, "नवीन झाडाचं पहिलं फूल देवाचं. ते तुमच्या मामांनाही मान्य असेल. विचारा त्यांना."

देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या डोक्यावर ते फिकट पोपटी फूल बसलं होतं. त्याला वास नव्हता. बाळकृष्ण हसत होता. त्याला हसायला काय जातंय?

उरलेली तेरा फुलं होती, म्हणजे तेरा सकाळी. पहिल्या सकाळी मी फुलाचा पडदा फाडला. दुसऱ्या सकाळी काडी मोडून आतच राहिली. तिसऱ्या सकाळी वाटलं की जमलं. दुसऱ्या दिवशी ते फूल खाली पडलेलं होतं. फळ धरलं तर फूल देठाला चिकटून राहतं, नाही धरलं तर गळतं, एवढा साधा निकाल. तेरा दिवस रोज सकाळी तो निकाल आंब्याखाली पडलेला असे आणि मी तो उचलून वहीत लिही. बायको शेवटी म्हणाली, "मी करून बघू का?" मी म्हटलं, हे काही शिवणकाम नाही. आता वाटतं, शिवणकामच होतं.

मामाला कळवलं. उत्तर आलं : "माशा तुझ्याहून बऱ्या."

पुढच्या चैत्रात मामा स्वतः येऊन राहिला. त्या वर्षी दोन घोस होते, एक सरला की दुसरा उमलणारा. देवाचं फूल देवाला गेलं, त्यावर मी वाद घातला नाही. रोज पहाटे मी शिडीवर, शिडीखाली मामा मान वर करून. त्याला दिसत काहीच नसे, पण सूचना चालू. "हलक्या हाताने. हलक्या! दरवाजा नाही फोडायचाय." असे पंधरा दिवस. पंधरा फुलं गळली. सोळाव्या दिवशी मी काडी आत घातली, पडदा उचलला, आणि खाली मामाने उद्वेगाने डबी उघडून भलीमोठी चिमूट ओढली. वाऱ्याने तिच्यातली निम्मी वर आली. मला अशी जबरदस्त शिंक आली की शिडी हलली, काडी फुलात घुसली आणि मी एका फांदीला मिठी मारून वाचलो.

"गेलं," मी म्हटलं.

"फूल की तू?"

"फूल."

दुसऱ्या दिवशी ते फूल गळलं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने त्याच्यामागचा देठ जाड झाला. मामाने बोटाने चाचपला. मला वाटलं आता शाबासकी देईल. त्याने नुसती डबी माझ्यापुढे धरली.

त्या वर्षी शेंग एवढी एकच. पिकायला आठ-नऊ महिने. मी सबंध घराला सांगितलं, शेंगेला कुणी हात लावायचा नाही. सबंध घर म्हणजे बायको. पावसाळाभर मी रोज तिची लांबी मोजली. चित्रातली व्हॅनिला वीतभर असते, आमची मधल्या बोटाहून थोडी मोठी झाली आणि थांबली. हिरवी, टणक, आणि वास म्हणाल तर गवताचासुद्धा नाही. आता मामाच्या कार्डांवर "शेंग?" असा शब्द आला. एका कार्डावर मात्र दोन ओळी होत्या : मोतीबिंदू काढायचा आहे, मला या वयात चाकूचा भरवसा वाटत नाही. त्याआधी, रथसप्तमीला, येऊन शेंग हातात घेतो.

संक्रांतीच्या संध्याकाळी मी कचेरीतून आलो तेव्हा घर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी भरलं होतं. सगळ्या काळ्या चंद्रकळेत. अशा वेळी सभ्य पुरुषाने काय करावं? मान खाली घालून आतल्या खोलीत जावं. मी गेलो. देवापुढे मातीची काळी सुगडं मांडलेली होती, ऊस, बोरं, गाजर, वालाच्या शेंगा आणि वर हरभऱ्याचे डहाळे भरून. इतक्यात बाहेरून बायकोचा आवाज आला, "अहो, एक सुगड द्या हो इकडे, कमी पडलंय." मी हाताला जवळचं उचललं. दारातून एक बांगड्यांचा हात पुढे आला होता, त्यात दिलं. चेहरा पाहिला नाही. म्हटलं ना, सभ्य.

सकाळी वेलीकडे गेलो तर शेंग नाही.

"अगं, शेंग!"

"मी तोडली काल," बायको शांतपणे म्हणाली. "घरच्या वेलीचं पहिलं फळ. देवापुढच्या सुगडात ठेवलीय. देवाला दाखवून झाली, आता मामांना नेऊन द्या."

आम्ही दोघंही देवापुढे गेलो. कोनाड्याजवळची दोन सुगडं होती. देवाच्या अगदी पुढ्यातलं नव्हतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "काल कुठलं दिलंत?"

"तू म्हणालीस एक दे."

"देवाच्या पुढ्यातलं उचलून दिलंत? कुणाला?"

"बाईला."

"कुठल्या बाईला?"

"काळ्या लुगड्यातल्या."

"काल सबंध ठाण्यात काळ्या लुगड्यात नव्हती अशी बाई होती का कुठे?" तिने कपाळावर हात मारला. मग माझी चूक मोठी की तिची, यावर आमचं बराच वेळ वाजलं. तिचं म्हणणं, देवापुढचं उचलायचं नसतं एवढंही मला कळू नये? माझं म्हणणं, हात लावायचा नाही म्हणजे तोडायचीही नाही. अजूनही आमचं दोघांचं यावर एकमत नाही.

त्या दिवसापासून मी दारोदार हिंडलो. कल्पना करा, तिशी उलटलेला, कोट-टोपीतला सरकारी नोकर लोकांच्या दारात उभा राहून विचारतोय, "वहिनी, काल आमच्या घरून जे सुगड आणलंत, त्यात एक शेंग होती का?" पहिल्या घरी त्या बाईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "गोड बोला. सुगडातलं पोरांनी खाल्लं." मी पोरांकडे पाहिलं. पोरं ठणठणीत होती. दुसऱ्या घरी सुगडातल्या सगळ्या शेंगांची भाजी झाली होती. "का हो, विषारी होती का?" त्यांनी घाबरून विचारलं. मी म्हटलं नाही, मेक्सिकोची होती. त्याने त्या आणखी घाबरल्या. तिसऱ्या घरी गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, "दिलेलं वाण परत मागतात, हे मी पहिल्यांदाच बघतोय." प्रत्येक घरी तिळगूळ आणि प्रत्येक घरी गोड बोला. चार दिवसांत माझी दाढ दुखायला लागली आणि गोड बोलण्याची ताकद संपली.

मामाचं कार्ड आलं : "शेंग?"

मी लिहिलं : "ठीक आहे."

पुढच्या आठवड्यातही तेच लिहिलं. टाकाने ते दोन शब्द काढताना कागद फाटेल एवढा जोर दिला. मामाने ती बागेची पडवी मोडताना पाहिली होती. त्याच्या मते जगात ही वेल वाचली की नाही, याचा निकाल त्या बोटभर शेंगेत होता. आणि ती शेंग बहुधा नौपाड्यात कुणाच्या तरी आमटीत उकळून गेली होती. मी केलेली एकमेव फलद्रूप गोष्ट, तीही शिंक, ती मी स्वतःच्या हाताने उचलून देऊन टाकली होती.

रथसप्तमीच्या सकाळी बायको म्हणाली, "एक घर राहिलंय."

"कुठलं?"

तिने भिंतीकडे पाहिलं.

"त्या? त्या कशाला येतील आपल्याकडे?"

"मी बोलावलं होतं. तुमचं बोलणं बंद आहे, माझं नाही. पहिल्याच दिवशी सांगणार होते, पण काकू माहेरी गेल्या होत्या. काल आल्या."

"मग तू जा."

"दिलंत तुम्ही. आणायला मी?"

पाच वर्षांत मी काकूंच्या परसात पाऊल ठेवलं नव्हतं. ठेवलं तेव्हा त्या सुपात मिरच्या निवडत होत्या. मी घसा साफ केला. त्यांनी वर न बघता विचारलं, "काय, आज काही फेकायला नाही आणलंत?"

मी सगळं सांगितलं. मामा, मेक्सिको, बटाटे, शिंक. त्या ऐकत होत्या. मग उठल्या, आत गेल्या आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. "मला वाटलं, वेगळ्या जातीचा वाल आहे. टोक पिवळं पडलेलं दिसलं, म्हणून बियाण्याला ठेवला. माहेरी नेला होता. दिवसा उन्हात घालायचा, ऊन उतरलं की फडक्यात गुंडाळून डब्यात. आमच्याकडे बी असंच करतात. पण परवापासून डब्याला कसलासा वास मारतोय."

फडकं उघडलं. शेंग काळसर तपकिरी झाली होती, सुरकुतलेली, तेलकट. आणि वास असा आला की मी नाक मागे घेतलं आणि पुन्हा पुढे नेलं.

मी आभार मानायला मान वर केली आणि तिथेच थांबलो. काकूंच्या फणसाच्या खोडावर पट्ट्यासारख्या जाड पानांचे झुबके होते. पाच-सहा. सुतळीच्या खुणा अजून दिसत होत्या.

"हे—"

"तुम्हीच फेकलं होतंत," काकू म्हणाल्या. "वेणी आहे ती. माझ्या माहेरी लग्नात नवरीच्या अंबाड्याला घालतात. फेकायची वस्तू आहे का ती?"

दुपारी मामा आला. काठी टेकत, बायकोचा हात धरून. मी शेंग त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती बोटांत फिरवली, हलकेच वाकवली. मोडली नाही. टोकापासून देठापर्यंत नखाने चाचपून पाहिली.

"फुटली नाही कुठे. नेमक्या वेळेला तोडलीय. कुणी?"

"मी," बायको म्हणाली. "टोक पिवळं व्हायला लागलं होतं. आमच्याकडे वालाची शेंग तेव्हाच तोडतात. आणखी ठेवली असती तर तडकली असती."

"आणि वाळवली कुणी?"

मी काकूंचं सांगितलं. ऊन, फडकं, डबा.

"तिकडे मेक्सिकोत असंच करतात," मामा म्हणाला. "हुबेहूब. म्हणजे सूनबाईने तोडली, शेजारणीने मुरवली, आणि तू?"

"शिंकलो," मी म्हटलं.

मामाने शेंग नाकाशी नेली. जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग खाली ठेवली. चाळीस वर्षं ओढलेल्या तपकिरीने त्याचं नाक कधीच निकामी केलं होतं. हे आम्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, बहुधा त्याच्याही नाही.

"तू सांग," तो मला म्हणाला. "कसा आहे वास?"

मी शेंग हुंगली. एवढी वर्षं, एवढी वही, आणि आता मामाला डोळ्यांनी दिसत नाही, नाकाने कळत नाही, सगळं माझ्या तोंडावर आलेलं. मी खूप आठवलं. गूळ म्हणावं तर गूळ नव्हे. केवडा नव्हे. जुन्या लाकडी पेटीसारखा काही, पण तसाही नव्हे.

"आइस्क्रीमसारखा," मी म्हटलं.

"अरे गाढवा," मामा ओरडला, "आइस्क्रीमला हिचा वास असतो!"

बायको पदर तोंडात धरून आत पळाली. मामाही हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि नंतर बराच वेळ पुसतच राहिला.

मग त्याने कात्री मागवली. वेलीचे तीन तुकडे करवून घेतले. एक डोंबिवलीत खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला, एक टिटवाळ्याच्या कुणा ओळखीच्याला. तिसरा माझ्या हातात दिला. "हा भिंतीपलीकडे दे. आणि बदल्यात आपल्या घरच्या आमरीचा एक झुबका मागून आण. तुझ्या आंब्यावर परत बसव. मग मी डोळे कापून घ्यायला मोकळा."

मी गेलो. काकूंनी व्हॅनिलाचा तुकडा घेतला, उलटसुलट पाहिला, कुठे लावायचा ते विचारलं. मी झुबक्याचं बोललो तेव्हा त्यांनी फणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्हाला? नाही बाई. तुम्ही खरवडाल."

मामाचे डोळे चांगले झाले. त्यानंतर तो चार वर्षं होता. आमच्या आंब्यावरच्या व्हॅनिलाला मी लवकरच शेणखत घातलं, भरपूर, प्रेमाने, आणि पावसात ती मुळापासून कुजली. डोंबिवलीच्या बिऱ्हाडाने बदलीच्या गडबडीत कुंडी मागेच ठेवली. टिटवाळ्याचं काय झालं ते कळलं नाही. काकूंची मात्र फणसावर चढली. एका खोडावर एका बाजूला मेक्सिकोची आणि दुसऱ्या बाजूला आमच्या आंब्यावरून हाकललेली.

आता काकूही म्हाताऱ्या झाल्यात. ज्येष्ठात तो गुलाबी तुरा लोंबायला लागला की मी स्टूल घेऊन भिंतीवरून बघतो. त्यांचा आवाज येतोच :

"बघा, बघा. तिथूनच बघा."